विश्लेषण : नकोसे कपडे ऑनलाइन लिलावात विकले, तर हातात नेमके किती पडतात?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये समाजमाध्यमांवर एक वार्ता वाऱ्यासारखी पसरली. ईबे, व्हिंटेडसारख्या मंचांवर घरातले जुने कपडे विकणाऱ्यांना आता कर भरावा लागणार, अशी. मुलांचे आखूड झालेले कोट, एकदाच घातलेला लग्नातला पोशाख, अंगाला न बसणाऱ्या जीन्स विकून महिन्याच्या खर्चाला थोडा हातभार लावणारी लाखो घरे त्या देशात आहेत. त्यांना धास्ती वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात नवा कर आलाच नव्हता. पण त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी या व्यवहाराचे बाकीचे गणित मात्र खरोखर बदलले. लिलाव करावा की ठरावीक किमतीला विकावे, शुल्क कोणाच्या खिशातून जाते, कर कधी लागतो आणि हा प्रकार भारतात का रुजला नाही, याचा हा आढावा.

लिलाव चालतो कसा?

ऑनलाइन लिलावाची सुरुवात सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत झाली. पिअर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. ‘ईबे’ हे या संकेतस्थळाचेच पुढचे नाव. एकासाठी निरुपयोगी झालेल्या वस्तूला दुसऱ्या कोणाकडे तरी गिऱ्हाईक असते, फक्त दोघांची गाठ पडायला हवी, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा धंदा उभा राहिला.

कपड्याचा लिलाव साधारण असा होतो. विक्रेता फोटो काढतो, माप आणि अवस्था लिहितो, सुरुवातीची किंमत ठरवतो आणि मुदत निवडतो. ही मुदत बहुधा एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची असते. बोली लावणाऱ्याने आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा नोंदवायचा. तो इतरांना दिसत नाही. पुढची चढाओढ त्याच्या वतीने यंत्रणाच करते आणि समोरच्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम वाढवत नेते.

समजा, एका लोकरी कोटावर एकीने कमाल १८ पौंड नोंदवले आणि दुसरीने ११. कोट पहिलीला मिळेल, पण १८ पौंडांना नाही. दुसरीच्या आकड्यावर एक पायरी चढवून, म्हणजे साडेअकरा पौंडांना मिळेल. जिंकणाऱ्याने किती द्यायचे, हे हरणाऱ्याच्या बोलीवर ठरते. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ज्या लिलावाची मांडणी केली होती, त्याच्या अगदी जवळ जाणारी ही पद्धत आहे. विक्री यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

विक्रेत्याच्या दृष्टीने यातला अर्थ स्पष्ट आहे. तुमच्या कोटावर जीव जडलेली एक व्यक्ती असून भागत नाही. दोन लागतात. किंमत दुसरी ठरवते.

शेवटच्या मिनिटाला बोली का येते?

ईबेचा लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो, मग कोणी बोली लावण्याच्या तयारीत असो वा नसो. त्यामुळे सहा दिवस शांतता आणि शेवटच्या मिनिटाला झुंबड, हे नेहमीचे चित्र. आल्व्हिन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ईबेची तुलना त्या काळच्या ॲमेझॉन लिलावांशी केली होती. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढत असे. तिथे अखेरच्या क्षणीची ही घाई बरीच कमी दिसली.

त्यामुळे लिलाव संपण्याची वेळ महत्त्वाची ठरते. ती कामाच्या दिवशी दुपारी तीनची असेल, तर गिऱ्हाईक कचेरीत असते. रविवारी संध्याकाळी लिलाव संपेल असे बघावे, हा जुन्या विक्रेत्यांचा ठोकताळा त्यातूनच आला. ठोकताळाच तो, नियम नव्हे. फोनवरून सूचना मिळू लागल्यापासून त्याची धार थोडी बोथटही झाली असावी.

९९ पेन्सने सुरुवात करावी का?

घरगुती विक्रेता बहुतेक वेळा इथेच फसतो, म्हणून यावर जरा थांबू. सुरुवातीची किंमत जेवढी कमी, तेवढे जास्त लोक डोकावतात. डोकावणाऱ्यांपैकी काही बोली लावतात. आणि एकदा बोली लावली की वस्तू आपलीच वाटू लागते. सल्ला म्हणून हे खोटे नाही. पण चार-पाच जणांना तरी हवी असेल, अशाच वस्तूला तो लागू पडतो. नामांकित कंपनीचे जाकीट, बंद झालेल्या मालिकेतले बूट, खरोखर जुन्या काळातला पोशाख यांना चढाओढ मिळते. साखळी दुकानातला, तीन वर्षे वापरलेला, मधल्या मापाचा टॉप मात्र शेकडोंनी उपलब्ध असतो. त्याच्यावर एकच बोली येते, तीही ९९ पेन्सची.

मग काय होते? टपालखर्च चार पौंड धरू, तो खरेदीदार देतो. म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात ४ पौंड ९९ पेन्स. २०२४ पूर्वी ब्रिटनमधील खासगी विक्रेत्याला साधारण १३ टक्के आणि वर ३० पेन्स शुल्क पडत असे, आणि ते टपालखर्चासह एकूण रकमेवर लागे. म्हणजे सुमारे ९५ पेन्स गेले. चार पौंड टपालाला गेले. हातात उरले जेमतेम चार-पाच पेन्स. त्यासाठी टॉप धुणे, इस्त्री करणे, उजेडात फोटो काढणे, छातीचे माप टेपने घेणे, ‘बाही किती लांब?’ या प्रश्नाला उत्तर देणे, पिशवीत भरणे आणि टपाल कार्यालयाच्या रांगेत उभे राहणे हे सगळे करायचे. त्यापेक्षा तो टॉप धर्मादाय दुकानात दिला असता तर वेळ तरी वाचला असता. आधी सांगितलेला साडेअकरा पौंडांचा कोट घेतला, तर तेच शुल्क सुमारे सव्वादोन पौंड आणि हातात नऊ पौंडांहून थोडे अधिक, असा हिशेब बसत होता. दोन्हींत मेहनत तेवढीच.

म्हणून ‘यापेक्षा कमीत द्यायचे नाही’ असा आकडा मनात असेल, तर सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे. लिलाव संपल्यावर ‘एवढ्यात परवडत नाही’ म्हणता येत नाही.

टपालखर्चाचाही एक खेळ आहे. तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसारख्या वस्तू ईबेवर दोन पद्धतींनी विकून पाहिल्या. सुरुवातीची किंमत कमी व टपालखर्च जास्त, आणि त्याच्या उलट. सीडींच्या बाबतीत पहिल्या पद्धतीत एकूण उत्पन्न अधिक आले. खरेदीदाराचे लक्ष मोठ्या अक्षरातल्या आकड्याकडे असते, खालच्या बारीक आकड्याकडे नसते. बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला हे सांगायला प्रयोग करावा लागला नसता.

मग लिलाव मागे का पडला?

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला ईबे म्हणजेच लिलाव, असे समीकरण होते. आज तिथली बहुसंख्य विक्री ठरावीक किमतीला होते. लिरान आइनाव्ह आणि सहकाऱ्यांनी ईबेच्याच आकडेवारीवरून या बदलाचा अभ्यास केला. वस्तू बदलल्या किंवा विक्रेते बदलले म्हणून लिलाव घटले, असे त्यांना आढळले नाही. खरेदीदारांनाच लिलावाची गोडी उरली नाही, हे मुख्य कारण निघाले. सुरुवातीला लिलाव ही करमणूकही होती. नंतर सात दिवस वाट पाहून शेवटच्या सेकंदाला हरण्यापेक्षा दोन पौंड जास्त देऊन वस्तू आजच घ्यावी, असे लोकांना वाटू लागले.

कपड्यांना हे विशेष लागू होते. शनिवारच्या समारंभासाठी पोशाख हवा असलेली व्यक्ती पुढच्या रविवारी संपणाऱ्या लिलावाचे काय करणार? २००८ मध्ये लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथे सुरू झालेल्या व्हिंटेडने हीच नस पकडली. त्यावर लिलाव नाही. विक्रेता किंमत लिहितो, खरेदीदार ‘थोडे कमी करा’ म्हणतो, घासाघीस होते आणि सौदा तुटतो किंवा जमतो. लंडनमधून चालणारे, तरुणांचे आवडते डेपॉपही असेच. २०२१ मध्ये एट्सी या अमेरिकी कंपनीने ते १६२.५ कोटी डॉलरला विकत घेतले होते.

लिलाव मेला मात्र नाही. ज्या वस्तूची किंमत विक्रेत्यालाच माहीत नाही, तिथे तो आजही उपयोगी आहे. आजीच्या पेटीत सापडलेला साठच्या दशकातला कोट दहा पौंडांचा की दोनशेचा, हे घरी बसून कळत नाही. बाजारच ते सांगतो. शिवाय लिलावाचा करमणुकीचा भाग नव्या वेषात परतला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या व्हॉटनॉटवर विक्रेता कॅमेऱ्यासमोर कपडा हातात धरतो आणि काही सेकंदांत बोली संपते. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीचे मूल्यांकन सुमारे पाच अब्ज डॉलर झाले. पण तिथे तासन्‌तास बोलणारा, गठ्ठ्याने माल आणणारा विक्रेता चालतो. कपाटातले चार कपडे काढणाऱ्याचे ते काम नव्हे.

शुल्क गेले की फक्त खिसा बदलला?

व्हिंटेड विक्रेत्याकडून शुल्क घेत नाही. ‘खरेदीदार संरक्षण’ या नावाखाली ते खरेदीदाराकडून घेते. या स्पर्धेपुढे ईबेला झुकावे लागले. आधी जर्मनीत आणि मग एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ईबेने खासगी विक्रेत्यांचे जुन्या कपड्यांवरचे शुल्क रद्द केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहने वगळता बहुतेक सर्व वस्तूंना ही सवलत मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये खरेदीदाराकडून शुल्क घेणे सुरू झाले.

वरवर पाहता विक्रेता सुटला. पण खरेदीदार खिशातून निघणारी एकूण रक्कम पाहतो. कोटासाठी बारा पौंड द्यायचे त्याने ठरवले असेल आणि त्यातला एक पौंड मंचाला जाणार असेल, तर त्याची बोली अकरावरच थांबेल. म्हणजे तो पौंड शेवटी दोघांमध्ये वाटला जातो, नाव कोणाचेही असो. तरी घरगुती विक्रेत्यासाठी एक फरक खरा आहे. आता ९९ पेन्सला गेलेल्या टॉपचे ९९ पेन्स तरी मिळतात. अमेरिकेत मात्र विक्रेत्याकडून शुल्क घेण्याची जुनी रीत कायम आहे.

कराचे प्रकरण नेमके काय?

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून डिजिटल मंचांनी विक्रेत्यांची माहिती कर विभागाला देणे बंधनकारक झाले. वर्षभरात ३० किंवा अधिक वस्तू विकणाऱ्या, अथवा २,००० युरोंहून अधिक, म्हणजे सुमारे १,७०० पौंड मिळवणाऱ्या विक्रेत्याची नोंद पाठवली जाते. पहिल्या वर्षाची माहिती ३१ जानेवारी २०२५ पर्यंत द्यायची होती. युरोपीय संघात असाच नियम २०२३ पासून आहे. मुलांचे कपडे विकणाऱ्या घराला ३० चा आकडा गाठायला वेळ लागत नाही, त्यामुळे घबराट पसरली.

पण माहिती गेली म्हणजे कर लागला असे नाही. स्वतः वापरलेला, ६० पौंडांना घेतलेला कोट १२ पौंडांना विकला तर नफा कुठे झाला? धर्मादाय दुकानातून तीन पौंडांना कोट घेऊन तो विकण्यासाठीच विकला, तर तो व्यापार. त्यातही वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या व्यापारी उत्पन्नाला सूट आहे. मार्च २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने असे विवरणपत्र भरण्याची मर्यादा पुढे ३,००० पौंडांपर्यंत नेण्याची घोषणा केली. मात्र १,००० पौंडांपुढच्या उत्पन्नावरची करदेयता त्याने टळत नाही.

अमेरिकेतला प्रवास उलटा झाला. मंचांनी ६०० डॉलरपुढच्या प्रत्येक विक्रेत्याची माहिती द्यावी, हा नियम २०२१ मध्ये संमत होऊन वारंवार पुढे ढकलला गेला. जुलै २०२५ च्या कायद्याने जुनी मर्यादा परत आणली. वर्षाला २०,००० डॉलरहून अधिक रक्कम आणि २०० हून अधिक व्यवहार, अशी ती आहे. लंडन, म्युनिक किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक साधी सवय ठेवावी. कपडा कितीला घेतला होता, याचा पुरावा जुन्या ईमेलमध्ये असतो; तो पुसू नये. आणखी एक बाब. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सीमाशुल्क सवलत बंद केली. त्यामुळे युरोपातून अमेरिकी खरेदीदाराला जुना कोट पाठवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

भावाला बोली लावायला सांगितले तर?

किंमत चढवण्यासाठी घरच्याच माणसाकडून किंवा दुसऱ्या खात्यातून बोली लावणे, हा जुना रोग आहे. ईबेवर त्याला बंदी आहे. जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१६ मध्ये असे एक प्रकरण आले. एक युरोपासून सुरू झालेल्या मोटारीच्या लिलावात विक्रेत्याने दुसऱ्या खात्यातून स्वतःच बोली चढवत नेली. न्यायालयाने त्याच्या सगळ्या बनावट बोली बाजूला काढल्या. त्या वगळता खऱ्या बोलीदाराला मोटार दीड युरोत मिळायला हवी होती, असा हिशेब झाला आणि विक्रेत्यावर हजारो युरोंची भरपाई बसली. भारतातही १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ हेच सांगते. खोट्या बोलीने किंमत वाढवली असेल, तर विक्री रद्द ठरवण्याचा हक्क खरेदीदाराला आहे.

भारतात हे का रुजले नाही?

प्रयत्न झाला नाही असे नाही. मुंबईतली ‘बाझी डॉट कॉम’ ही कंपनी ईबेने २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरला घेतली आणि तिचे ‘ईबे इंडिया’ झाले. २०१७ मध्ये हा व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये संकेतस्थळ बंद झाले. ईबे इंडियाने नाणी, तिकिटे, मोबाइल विकले. जुन्या कपड्यांचा बाजार म्हणून ते कधीच ओळखले गेले नाही.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. अडीचशे रुपयांत नवा टी-शर्ट घरपोच मिळत असेल, तर जुन्या टी-शर्टला कुरियरखर्च धरून कितीची बोली लागणार? दुसरे कारण मानसिक. नात्यातले, ओळखीचे कपडे आपण बिनदिक्कत घालतो. तान्ह्या बाळाला तर आधी जुनेच मऊ कपडे घालतात. पण परक्याने उतरवलेला कपडा अंगाला लावायला मन धजावत नाही. त्यात स्वच्छतेची शंका असते तसा जातीपातीचा सोवळेपणाही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि तिसरे म्हणजे बोहारीण. स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात जुन्या साड्या-शर्ट नेणारी बोहारीण ही आपल्याकडची दारावर येणारी घासाघीस होती. ‘या तीन पँटींवर एवढेसेच भांडे?’ हा वाद दुपारभर चाले, आणि तिथे टपालखर्च नव्हता. तिने नेलेला कपडा दुरुस्त होऊन, धुऊन पुन्हा बाजारात जाई आणि गरिबाच्या अंगावर चढे. इमारतींच्या फाटकावर नोंदवह्या आणि पहारेकरी आले, घराघरातल्या बायका दुपारी नोकरीवर जाऊ लागल्या, आणि या बायकांचा धंदा बसला. त्यांच्या जागी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही, जुने कपडे मात्र कपाटात वाढत राहिले.

करोनाकाळापासून इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची छोटी दुकाने दिसू लागली आहेत, काही ठिकाणी प्रतिक्रियांमध्येच बोली लागते. साड्यांची अदलाबदल करणारे व्हॉट्सॲप गटही आहेत. पैठणी, इरकलसारख्या साड्यांना तिथे खरोखर गिऱ्हाईक मिळते, कारण त्यांना मापाचा प्रश्न नाही. मात्र पैसे आधी पाठवायचे आणि साडी येण्याची वाट पाहायची, असा सगळा विश्वासाचा मामला. ईबेसारखा तक्रार ऐकणारा मधला माणूस तिथे नाही. कराची भीती मात्र नको. वैयक्तिक वापराचे कपडे आपल्या प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्तेत धरलेच जात नाहीत.

ज्यांना बोलीच लागत नाही, त्या कपड्यांचे काय?

युरोपात न विकलेला कपडा धर्मादाय पेटीत जातो, तिथून गठ्ठ्यात, आणि गठ्ठ्यातून आफ्रिकेत किंवा आशियात. घानाची राजधानी अक्रा इथला कान्तामान्तो हा जुन्या कपड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि हजारो विक्रेते उघड्यावर आले. गुजरातेतल्या कांडला विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुने कपडे निवडले जातात. हरियाणातल्या पानिपतमध्ये लोकरी चिंध्यांचे पुन्हा सूत होते आणि त्याच्या स्वस्त घोंगड्या विणल्या जातात. लंडनमध्ये ९९ पेन्सलाही न गेलेला लोकरी कोट बटणे कापून, रंगांच्या ढिगात टाकून तिथवर पोहोचलेला असू शकतो. तिथे तो नगावर नव्हे, किलोवर मोजला जातो.